जुन्या टू-इन-वनचा मोडलेला भाग कसा शोधावा

जुना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट वाजवणारे यंत्र एकत्र असलेला सेट, बंद पडतो, तेव्हा त्यात फार मोठे काही बिघडलेले असतेच असे नाही. कॅसेट फिरवणारा रबरी बेल्ट सैल झालेला असतो, एखाद्या दातेरी चाकाला चीर गेलेली असते, नाहीतर आवाजाचे बटण फिरवताना खरखर होत असते. तरीही सेट माळ्यावर जातो, कारण दुकानात 'अमुक कंपनीच्या अमुक मॉडेलचा बेल्ट आहे का' असे विचारले की 'आता कुठे मिळतोय' हे ठरलेले उत्तर मिळते. दुकानदार खोटे बोलत नसतो. त्या मॉडेलच्या नावाचा बेल्ट त्याच्याकडे खरोखरच नसतो. पण त्याच मापाचा बेल्ट कदाचित त्याच्या मागच्या खणात पडलेला असतो.

फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट बाजारात आणली आणि पुढच्या काही दशकांत असंख्य कंपन्यांनी कॅसेट वाजवणारी यंत्रे विकली. त्यांतल्या बहुतेकांनी आतले सगळे भाग स्वतः बनवले नव्हते. जपानच्या तानाशिन कंपनीची कॅसेट फिरवणारी यंत्रणा आणि तिच्या नकला कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या सेटमध्ये बसवलेल्या आढळतात. मोटर, बेल्ट, कंडेन्सर, ट्रान्झिस्टर आणि आयसी (एकाच तुकड्यात पूर्ण सर्किट असलेली चिप) यांचेही तसेच आहे. म्हणून नवख्याने पहिल्यापासून एकच सवय लावून घ्यावी: भाग सेटच्या नावाने शोधू नये, भागाच्या मापाने आणि त्यावरील क्रमांकाने शोधावा. पुढील सगळ्या पायऱ्या त्या एका सवयीच्याच आहेत. उदाहरणासाठी टू-इन-वन घेतला आहे, कारण त्यात रबर, प्लास्टिक, स्विच आणि इलेक्ट्रॉनिक भाग असे सगळेच सापडते, आणि विशेषतः कोकणात व गोव्यात आखातातून आलेले असे सेट अजूनही घराघरांत आहेत.

पहिली पायरी: उघडणे आणि खरा दोष ओळखणे

सेट उघडण्यापूर्वी वीजजोडणीची पिन सॉकेटमधून काढावी आणि सेलही काढावेत. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण अनेक सेटमध्ये बटण बंद असले तरी आतल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत वीज पोहोचलेली असते. टू-इन-वनच्या ट्रान्सफॉर्मरनंतरच्या भागात साधारणपणे कमी दाबाची वीज असल्यामुळे नवख्याने त्यावर काम करायला हरकत नाही. व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा काचेच्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही मात्र नवख्याने उघडू नये, कारण त्यांतील कंडेन्सर आणि ट्यूब वीज बंद केल्यानंतरही धोकादायक दाब धरून ठेवू शकतात.

मागचे झाकण निघत नसेल तर जोर लावू नये. सेलच्या कप्प्यात, हँडलच्या खाली किंवा एरियलच्या बुडाशी एखादा स्क्रू बहुधा राहिलेला असतो. स्क्रूंच्या लांबीत फरक असतो, आणि आखूड जागी लांब स्क्रू बसवला तर तो समोरच्या प्लास्टिकमधून बाहेर येतो. म्हणून कोणता स्क्रू कुठला हे कागदावर सेटची आकृती काढून तिच्यावरच चिकटवून ठेवावे. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो काढावा. झाकण उघडले की त्याच्या आतल्या बाजूस नजर टाकावी, कारण जुन्या रेडिओंत सर्किटची आकृती किंवा डायलची दोरी कशी ओवायची याचे चित्र तिथेच चिकटवलेले असू शकते.

भाग विकत आणण्याची घाई करण्याआधी दोष नेमका कोणता, हे लक्षणांवरून ठरवावे. मोटर फिरल्याचा बारीक आवाज येतो पण कॅसेट हलत नाही, असे असेल तर बेल्ट गेलेला आहे. गाणे वर-खाली लहरत असेल तर बेल्ट किंवा रबरी रोलर तपासावा. टेप आत गुंडाळली जात असेल, म्हणजे लोकांच्या भाषेत सेट 'कॅसेट खात' असेल, तर उजवीकडची चकती टेप ओढून घेत नाही आणि तिला फिरवणारे रबर सुटलेले किंवा गुळगुळीत झालेले असते. रेडिओ चांगला वाजतो पण कॅसेटचा आवाज अजिबात येत नाही, अशा वेळी पुष्कळजण थेट हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, बदलायला निघतात. खरे तर प्ले आणि रेकॉर्ड यांच्यामध्ये सरकणाऱ्या लांबट स्विचवर गंज चढलेला असण्याची शक्यता बरीच असते. त्यात काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून तो भरपूर वेळा मागेपुढे सरकवला की अनेकदा काहीच विकत आणावे लागत नाही. आवाजाच्या बटणाच्या खरखरीलाही प्रथम हाच उपाय करावा. साफसफाईने सुटणाऱ्या दोषासाठी सुटा भाग शोधत फिरणे ही या छंदातली सर्वांत सर्रास होणारी उधळपट्टी आहे.

दुसरी पायरी: बेल्टचे माप

बेल्टवर क्रमांक छापलेला नसतो, त्यामुळे इथे सगळी भिस्त मापावर असते, आणि माप घेताना थोडी डोकेफोड करावी लागते. चार गोष्टी टिपाव्यात: बेल्टचा छेद चौकोनी आहे की सपाट पट्टीसारखा, त्याची जाडी किती, रुंदी किती आणि त्याचा आतला घेर किती. मोटरपासून फ्लायव्हीलपर्यंत, म्हणजे गती स्थिर ठेवणाऱ्या जड चाकापर्यंत, जाणारा मुख्य बेल्ट काही यंत्रांत चौकोनी, तर काहींत सपाट असतो. चकत्या फिरवणारे आणि आकड्यांच्या काउंटरचे लहान बेल्ट सहसा चौकोनी असतात. चौकोनी बेल्टची जाडी एक ते दीड मिलिमीटरच्या आसपास, तर सपाट बेल्टची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. इतक्या बारीक मापासाठी शाळेची पट्टी चालत नाही. साधा व्हर्नियर कॅलिपर घ्यावा आणि मोजताना त्याच्या जबड्यात रबर दाबले जाणार नाही याची काळजी घ्यावी.

घेर मोजण्याची सोपी रीत म्हणजे बेल्ट एके ठिकाणी कात्रीने कापून, न ताणता पट्टीशेजारी सरळ ठेवणे. जुना बेल्ट कापायला मन धजत नाही. पण सैल झालेला बेल्ट पुन्हा उपयोगी पडणार नसतो आणि कापल्यानंतरच त्याचे माप नीट मिळते. समजा, माप २३० मिलिमीटर आले. जुना बेल्ट वर्षानुवर्षे ताणलेल्या अवस्थेत राहून वाढलेला असतो, त्यामुळे नवा बेल्ट साधारण ५ टक्के लहान घ्यावा, म्हणजे २१८ मिलिमीटरच्या जवळपास. २१५ ते २२० मधला कोणताही चालून जाईल. काही विक्रेते घेराऐवजी व्यास सांगतात, तेव्हा घेराला ३.१४ ने भागावे. २१८ चा व्यास ६९ ते ७० मिलिमीटर येतो. आणखी काही विक्रेते बेल्ट दुमडून सपाट ठेवल्यावर जी लांबी दिसते ती सांगतात, आणि ती घेराच्या निम्मी, म्हणजे इथे १०९ मिलिमीटर असते. ऑनलाइन मागवताना यांपैकी कोणते माप दिले आहे हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

पुष्कळदा बेल्ट मोजण्याच्या स्थितीत राहिलेलाच नसतो. तो काकवीसारखा वितळून पुल्यांना चिकटलेला सापडतो. ही काळी चिकट घाण कपड्यांना किंवा फरशीला लागली तर सहजी निघत नाही, म्हणून हातमोजे घालून, खाली वर्तमानपत्र पसरून, कापसाच्या काड्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांनी ती पूर्ण काढावी. पुलीच्या खाचेत थोडी जरी राहिली तरी नवा बेल्ट तिथे उड्या मारतो. पुल्या स्वच्छ झाल्यावर ज्या मार्गाने बेल्ट जात होता त्या मार्गाने न ताणणारा सुती दोरा गुंडाळावा, टोके जुळतात तिथे खूण करावी आणि लांबी मोजावी. हा बेल्ट बसल्यानंतरचा घेर झाला. नवा बेल्ट बसताना ताणला जायला हवा, म्हणून यातून ५ ते ८ टक्के वजा करावेत. दोरा २१० मिलिमीटर भरला तर १९५ ते २०० चा बेल्ट घ्यावा.

घट्ट बेल्ट म्हणजे चांगला बेल्ट असा एक समज आहे आणि तो महाग पडतो. फार आवळलेल्या बेल्टमुळे मोटरवर ओढ येते, गती घसरते आणि मोटरच्या दांड्याला आधार देणारे बुश एका बाजूने झिजू लागते. सैल बेल्ट घसरतो, गाणे लहरते आणि रिवाइंड होताना कॅसेट मधेच अडते. पाइपच्या जोडात बसवतात ती गोल रबरी रिंग पुष्कळजण बेल्ट म्हणून लावतात. काउंटरसाठी ती चालेल, परंतु मुख्य बेल्ट म्हणून लावू नये, कारण तिचे रबर कडक आणि छेद गोल असल्यामुळे आवाज थरथरतो. काउंटरचा बेल्टही क्षुल्लक समजून सोडून देऊ नये. काही यंत्रांत टेप संपल्याची वर्दी आपोआप बंद होणाऱ्या यंत्रणेला त्याच्यामार्फतच मिळते, आणि तो नसेल तर सेट प्ले दाबल्यानंतर काही क्षणांतच थांबतो.

तिसरी पायरी: रोलर, दातेरी चाके आणि मोटर

टेपला कॅपस्टनच्या, म्हणजे टेप पुढे सरकवणाऱ्या फिरत्या, दांडीवर दाबून धरणारा रबरी रोलर चकाकू लागला असेल तर आधी अल्कोहोलने पुसून पाहावा. त्यावर भेगा पडल्या असतील किंवा मध्ये खळगा पडला असेल तर तो बदलावाच लागतो. त्याची तीन मापे घ्यावीत: बाहेरचा व्यास, रुंदी आणि मधल्या छिद्राचा व्यास. यांतले तिसरे माप लोक हमखास विसरतात आणि मग दुकानात दुसरी फेरी होते.

प्लास्टिकचे दातेरी चाक धातूच्या दांड्यावर दाबून बसवलेले असेल तर काळानुसार प्लास्टिक आकसते आणि चाकाला चीर जाते. दात सगळे शाबूत दिसतात, पण चीर गेलेल्या ठिकाणी दोन दातांमधले अंतर वाढते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'टक' असा आवाज येतो. असे चाक शोधताना दातांची संख्या आणि बाहेरचा व्यास मोजावा. दातांच्या संख्येत २ मिळवून त्या बेरजेने व्यासाला भागले की दातांचा आकार सांगणारा आकडा मिळतो, ज्याला मॉड्यूल म्हणतात. २४ दात आणि १३ मिलिमीटर व्यास असेल तर मॉड्यूल ०.५ येतो. मॉड्यूल, दातांची संख्या, छिद्राचा व्यास आणि चाकाची जाडी जुळली तर खेळण्यातले किंवा बंद पडलेल्या प्रिंटरमधले चाकही बसते. तसे न मिळाल्यास याच मापांवरून थ्री-डी प्रिंटिंग करणाऱ्याकडून चाक बनवून घेता येते.

मोटर बदलायची असेल तर तिच्यावर छापलेला व्होल्टेज आणि फिरण्याची दिशा या दोन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. कॅसेटच्या बहुतेक मोटरींत गती स्थिर ठेवणारे सर्किट आतच असते, त्यामुळे तारा उलट जोडून दिशा बदलता येत नाही. उलट जोडल्यास मोटर कायमची जाऊ शकते.

चौथी पायरी: इलेक्ट्रॉनिक भागांवरचे क्रमांक

इथे मापापेक्षा वाचन महत्त्वाचे असते. फ्यूज सर्वांत सोपा: २० मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर जाड काचेची नळी, आणि तिच्या धातूच्या टोपीवर कोरलेला आकडा. आकड्याच्या आधी 'टी' असेल तर तो सावकाश जळणारा आणि 'एफ' असेल तर झटकन जळणारा असतो. त्याच प्रकारचा आणि तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. नवा फ्यूजही लगेच उडाला तर दोष पुढे कुठेतरी आहे असे समजावे. मोठा फ्यूज किंवा तार घालून सेट चालू करणे म्हणजे ट्रान्सफॉर्मर जाळण्याची तयारी करणे होय.

कंडेन्सरवर मायक्रोफॅरड आणि व्होल्ट असे दोन आकडे असतात. मायक्रोफॅरड शक्यतो तेवढेच ठेवावेत. व्होल्ट अधिक चालतात, कमी मुळीच चालत नाहीत. १०० मायक्रोफॅरड १६ व्होल्टच्या जागी १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कंडेन्सर निर्धास्त बसवावा, फक्त त्याची उंची आणि दोन पायांमधले अंतर जागेत मावते का ते पाहावे. ८५ अंश आणि १०५ अंश असे दोन प्रकार मिळत असतील तर १०५ चा घ्यावा. अशा नळीसारख्या कंडेन्सरवरची पट्टी ऋण बाजू दाखवते आणि ती उलटी बसवली तर कंडेन्सर फुटू शकतो. चपट्या छोट्या सिरॅमिक कंडेन्सरवर १०४ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ १० वर चार शून्ये, म्हणजे १,००,००० पिकोफॅरड अथवा ०.१ मायक्रोफॅरड असा होतो. विजेच्या मुख्य जोडणीवर थेट बसवलेले कंडेन्सर मात्र खास सुरक्षित प्रकारचे असतात, त्यांवर 'एक्स २' किंवा 'वाय' असे वर्ग लिहिलेले असतात. त्यांच्या जागी त्याच वर्गाचेच बसवावेत, नुसते आकडे जुळवू नयेत.

आवाजाचे नियंत्रण साफ करूनही सुधारले नाही, तर त्याच्या पाठीवरचा ५० के किंवा १०० के असा आकडा पाहावा. सोबत ए किंवा बी हे अक्षर असते. जपानी पद्धतीत ए म्हणजे कानाच्या जाणिवेनुसार वाढणारा आणि बी म्हणजे एकसारखा वाढणारा, परंतु सर्वच देशांनी अक्षरे याच अर्थाने वापरलेली नाहीत. त्यामुळे अक्षरावर विसंबण्याऐवजी बटण बरोबर मध्यावर ठेवून मधली पिन आणि आवाज बंद असतानाच्या बाजूची पिन यांच्यात मल्टिमीटरने रोध मोजावा: एकूणच्या निम्मा आला तर एकसारखा, आणि दहा-पंधरा टक्केच आला तर कानाच्या जाणिवेचा. आवाजासाठी दुसरा लागतो. पिना किती आहेत, दांडा गोल आहे की एका बाजूने सपाट, आणि त्याची लांबी किती, हेही लिहून घ्यावे. स्टिरिओ सेटमध्ये एकाच दांड्यावर दोन नियंत्रणे असतात.

ट्रान्झिस्टरच्या नावांत नवखे हटकून अडखळतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. जपानी ट्रान्झिस्टरचे पूर्ण नाव 'टू-एस' ने सुरू होते, पण जागा वाचवण्यासाठी अंगावर ते छापत नाहीत. अंगावर 'सी १८१५' असेल तर ते टू-एस-सी १८१५ असे शोधावे. नाहीतर इंटरनेटवर भलतेच काही समोर येते. टू-एस-ए आणि टू-एस-बी हे पीएनपी, तर टू-एस-सी आणि टू-एस-डी हे एनपीएन असतात (विजेच्या दिशेने एकमेकांच्या उलट असलेले हे दोन प्रकार). युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर पदार्थ सांगते: ए म्हणजे जर्मेनियम, बी म्हणजे सिलिकॉन. दुसरे अक्षर काम सांगते, उदाहरणार्थ सी म्हणजे कमी शक्तीचे आवाजाचे काम, डी म्हणजे मोठ्या शक्तीचे, एफ म्हणजे रेडिओ लहरींचे. सी १८१५ मिळाला नाही तर अनेक ठिकाणी बीसी ५४७ चालतो, परंतु पायांचा क्रम वेगळा आहे. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले असता बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात, तर सी १८१५ चे एमिटर, कलेक्टर, बेस असे. क्रम न पाहता बसवलेला पर्यायी ट्रान्झिस्टर चालत नाही आणि दोष मात्र दुकानदाराच्या माथी येतो.

जुन्या रेडिओतील एसी १२७, एसी १२८ यांसारखे जर्मेनियम ट्रान्झिस्टर सिलिकॉनने सरळ बदलू नयेत. जर्मेनियम सुमारे ०.२ ते ०.३ व्होल्टला चालू होतो, सिलिकॉनला ०.६ ते ०.७ लागतात, आणि आजूबाजूचे रोध पहिल्या आकड्यासाठी निवडलेले असतात. नुसती अदलाबदल केली तर आवाज फाटका येतो. शक्य तोवर जर्मेनियमची जोडीच शोधावी.

आयसीच्या बाबतीत खोट्या मालापासून सावध राहावे लागते. आपल्याकडे मेकॅनिक ज्याला नुसते '४४४०' म्हणतात तो सॅन्योचा एलए ४४४० हा आयसी याचे उत्तम उदाहरण आहे. सॅन्योचा सेमिकंडक्टर व्यवसाय २०११ मध्ये ऑन सेमिकंडक्टर या अमेरिकी कंपनीकडे गेला, तरी सॅन्योचे नाव छापलेले कोरे करकरीत आयसी बाजारात दिसतात. ते चालतात, पण जपानी म्हणून जादा पैसे मोजू नयेत. छपाई ॲसिटोनच्या बोळ्याने पुसली जात असेल किंवा पृष्ठभाग घासून पुन्हा काळा केल्यासारखा दिसत असेल तर तो आयसी घेऊच नये.

पाचवी पायरी: शोध कुठे घ्यावा

बाजारात जाण्यापूर्वी सेटचे सर्व्हिस मॅन्युअल मिळते का पाहावे. मागच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरांसह उतरवून घ्यावा, कारण त्या अक्षरांनुसार आतले सर्किट बदलते. हायफाय इंजिन, इलेक्ट्रोटान्या आणि रेडिओम्युझियम या संकेतस्थळांवर जुनी मॅन्युअल आणि सर्किटे पुष्कळ आहेत. जळून क्रमांक पुसलेला भाग ओळखण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे.

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबा व तपकीर गल्लीचा परिसर ही पहिली ठिकाणे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना दिल्लीत लाल किल्ल्यासमोरचे लजपतराय मार्केट, बेंगळुरूत एस. पी. रोड आणि चेन्नईत रिची स्ट्रीट जवळ पडेल. या बाजारांत झगमगीत दुकानांपेक्षा बोळातली, छतापर्यंत खोकी रचलेली दुकाने उपयोगाची असतात. मोडका भाग पारदर्शक पिशवीत घालून, मापे लिहिलेल्या चिठ्ठीसह सोबत न्यावा. दुकानदाराला सेटची कहाणी न सांगता 'चौकोनी बेल्ट, एक पॉइंट दोनचा, घेर दोनशे अठरा' एवढेच सांगितले तर तो खणात हात घालतो.

तिथेही न मिळाल्यास यंत्रणेचे नाते शोधावे. मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार इथे बंद पडलेले सेट मिळतात. नावाकडे न पाहता आतली यंत्रणा आपल्या फोटोशी ताडून पाहावी. अशा सेटमधून दातेरी चाके, बटणे, स्प्रिंग, मोटर आणि हेड घ्यावेत. त्यातले बेल्ट आणि कंडेन्सर घेऊ नयेत, कारण त्यांचे वयही आपल्या सेटइतकेच झालेले असते. ऑनलाइन मिळणारी वेगवेगळ्या घेरांच्या बेल्टची मिश्र पाकिटे अंतिम उपाय म्हणून फारशी चांगली नसली, तरी योग्य घेर कोणता हे प्रत्यक्ष लावून ठरवण्यासाठी उत्तम असतात.

सहावी पायरी: बसवणे आणि तपासणे

नवा बेल्ट अल्कोहोलने पुसून, पीळ न पडू देता बसवावा आणि सेट न मिटवता आधी निरुपयोगी कॅसेट लावून पाहावी. हेडशेजारच्या छोट्या स्क्रूला हात लावू नये; तो हेडचा कोन ठरवतो आणि एकदा हलला की आवाजाची धार जाते. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या गतीने सरकली पाहिजे. ती तपासायला खास यंत्र नसेल तर कालावधी नेमका माहीत असलेले गाणे घड्याळ लावून ऐकावे: २०० सेकंदांचे गाणे २०६ सेकंद चालले तर गती सुमारे ३ टक्के कमी आहे. नव्या बेल्टने पहिला अर्धा तास चालल्यानंतरच हे मोजावे. फरक राहिलाच, तर मोटरच्या मागच्या बारीक छिद्रातला स्क्रू प्लास्टिकच्या पेचकसाने किंचित फिरवून गती जुळवावी.

बेल्ट घेताना दोन घ्यावेत. दुसरा बेल्ट न ताणता, बंद पिशवीत, उन्हापासून लांब ठेवावा, आणि त्याची मापे व बदललेल्या ट्रान्झिस्टर-कंडेन्सरचे क्रमांक तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी सेटच्या मागच्या झाकणाच्या आत चिकटवावी.